राजीनामा लिहायच्या आधी ईएसआयच्या दवाखान्याची पायरी चढा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासायला होतो. सव्वाचार वर्षं ग्राइंडर चालवला. मग खोकला जाईना, वजन उतरलं, थुंकी तपासली तर टीबी निघाला. सुपरवायझर म्हणाला, "आत्ता राजीनामा दे, बरा होऊन ये, परत घेतो." मजकूरही त्यानंच सांगितला, 'वैयक्तिक कारणास्तव'. मी सही ठोकली.

दोन महिन्यांनी कळलं की नोकरी गेलेल्याला ईएसआय, म्हणजे पगारातून वर्गणी कापून चालणारा सरकारी कामगार विमा, बेकारी भत्ता देतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. आधार, पासबुक घेऊन शाखा कार्यालय गाठलं. खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. कंपनीनं माझ्या नावापुढं कारण भरलं होतं 'लेफ्ट सर्व्हिस'. "दादा, हा भत्ता काम सुटलेल्याला, काम सोडलेल्याला नाही," म्हणाल्या. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

म्हणून आता गल्लीत कुणी आजारपणानं नोकरी सोडतो म्हणालं की मी त्याला बसवून घेतो आणि पहिल्यांदा ह्या योजनेचा नियम सांगतो. दोन वर्षांची विमा नोकरी पाहिजे. काम सुटायच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात आणखी 78. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. एवढं जुळलं तर सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. काम सुटून 30 दिवस झाले की दावा करायचा. पण स्वतःहून काम सोडलेला, गैरवर्तनावरून काढलेला, संपात असलेला, निवृत्त झालेला, यातलं कुणी बसत नाही. तब्येतीचं कारण कितीही खरं असलं तरी तुमच्या सहीचा कागद 'सोडलं' म्हणतो. 2018 साली आलेली ही योजना मुदतवाढीवर चालत आलीय, तेव्हा सध्या चालू आहे का ते शाखेतच विचारा.

खरी गोम पुढं आहे. अंगात ताकद नसेल तर तुम्हाला बेकारी भत्ता मुळात नकोच असतो, आजारपणाचा भत्ता पाहिजे असतो. तो नोकरीत राहून मिळतो, आणि जास्त मिळतो. रोज 600 धरा. बेकारीचे दिवसाला 300, आजारपणाचे 70 टक्के म्हणजे 420, वर्षात 91 दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस बिनपैशाचे जातात. टीबी, कॅन्सर, किडनी निकामी होणं, लकवा अशा 34 आजारांना त्यापुढंही वाढीव भत्ता आहे, 80 टक्के. त्याला दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार वर्गणी काळांत मिळून 156 दिवस लागतात. आधी 124 दिवस, मग 309, आणि डॉक्टरांच्या बोर्डानं मान्य केलं तर दोन वर्षांपर्यंत. माझी सगळी वर्गणी भरलेली होती. मी सुपरवायझरच्या टेबलावर बसून ते सोडून दिलं.

पेंटशॉपमधल्या एकाची किडनी गेली तेव्हा त्याला मी हाताला धरून ईएसआयच्या दवाखान्यात नेलं. खासगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन घरी बसायचं नाही. ईएसआयच्याच डॉक्टरकडून पहिलं सर्टिफिकेट घ्यायचं, पुढची वेळच्या वेळी घ्यायची, मधे एका दिवसाचीही फट राहू द्यायची नाही. प्रत्येकाची झेरॉक्स कंपनीच्या टाइम ऑफिसला द्यायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. फोनवर "सांगितलंय मी" याला काडीची किंमत नाही. भत्ता चालू असताना मालकानं कामावरून काढायचं नाही, हे 1948 च्या ईएसआय कायद्याच्या कलम 73 मध्येच होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. एचआरवाल्यानं डोळे वटारले तर आजचा नियम शाखेतच विचारा. पेंटशॉपवाल्याला दर महिन्याला खात्यावर पैसे येतात. डायलिसिसच्या दिवशी बायको रिक्षानं नेते.

राजीनामा देऊन बसला असाल तर नोटिशीचा काळ संपायच्या आत तो लेखी मागं घ्या, पोच घेऊन. माझ्या वेळी हे सुचवायला कुणी नव्हतं.

कामाबाहेरच्या अपघातात, म्हणजे गाडीवरून पडून वगैरे, 40 टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं असेल तर मात्र वेगळी वाट आहे, 2005 पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. पहिले 12 महिने रोजाच्या निम्मे, पुढचे 12 महिने पाव. नोकरी अपंगत्वानं संपली असेल तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही, तेही मागून घ्या.

आणि टीबी असेल तर सरकारी दवाखान्यात नाव निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, चढलंय का बघा. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये येतात, नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते. मला ते 500 आले. त्या सहा महिन्यांत बाहेरून आलेला पैसा तेवढाच.