झोपेची गोळी मागण्याआधी: गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ कसा गाठावा

फोंड्याला माझी फार्मसी आहे. गर्दी ओसरली की कोणीतरी काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारतं, "बाय, झोपेची गोळी द्याल?" चिठ्ठीशिवाय मी देत नाही. लोक मागतात ती अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमधली, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीतली गोळी आहे. ती विकली की पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत उतरवावं लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी दिली नसती. रोज घेतली तर काही आठवड्यांत तिची सवय जडते, आणि झोप कशाने उडाली ते शेवटपर्यंत कळत नाही. ते शोधून काढणारा डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ.

तो आधी एमबीबीएस झालेला असतो, मग मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला. पहिल्या भेटीत तो बराच वेळ विचारत बसतो: झोप, भूक, दारू, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, जीव नकोसा वाटतो का. शेवटच्या प्रश्नाला बिचकू नका. तो सगळ्यांनाच विचारतात, आणि खरं सांगण्यात तुमचंच हित आहे. कधी थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगतात, कारण थायरॉईड मंदावला तरी माणूस असाच सुस्त, उदास होतो. सायकॉलॉजिस्ट वेगळा. तो समुपदेशन करतो, चाचण्या घेतो, औषध लिहून देत नाही. पुष्कळांना दोघेही लागतात.

आता जायचं कुठे? खिशाचा विचार असेल तर सरकारी ओपीडीपासून सुरुवात करा. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत मानसोपचार विभाग आहे. मोठं ठिकाण म्हणजे बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्था, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारीच. "त्याला बांबोळीला नेला" असं गावात कुजबुजतात, म्हणून लोक ते नाव काढलं की मागे सरतात. ओपीडीत दाखवायला गेलं म्हणजे दाखल करून घेतात असं नाही. बहुतेक जण तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परततात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, आणि स्वतःहून दाखल झालेला सज्ञान माणूस स्वतः डिस्चार्ज मागू शकतो.

खासगी डॉक्टर पाहायचा असेल तर आधी फॅमिली डॉक्टरला विचारा. पाटीवरची पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. माझं स्पष्ट मत आहे, नावाजलेल्या डॉक्टरपेक्षा दर महिन्याला गाठता येईल असा डॉक्टर बरा. लांबच्या वाळपईहून कदंबा बस बदलत पणजी गाठणाऱ्याची दुसरी-तिसरी भेट चुकते, आणि या आजारात ती भेटच महत्त्वाची. मराठी-कोकणीत मोकळेपणी बोलता येईल ना, औषधाने त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, हे फोनवरच विचारून घ्या. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल, कौल लावायचा असेल तर जरूर लावा. फक्त अपॉइंटमेंट त्याच आठवड्यात घ्या.

औषधांबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण गाडं अडतं ते तिथेच. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो. म्हणजे आधी त्रास, मग आराम. लोक नेमके मधल्या दिवसांत "लागू पडत नाही" म्हणून गोळी सोडतात. पुढे बरं वाटायला लागलं की पुन्हा सोडतात. कृपा करून असं करू नका. डोस कमी करायचा तो डॉक्टरनेच, हळूहळू.

लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, घेणाऱ्याने तर फार जपावं. रक्तातली पातळी तपासायची ती शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी, म्हणून त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. मे महिन्यात घामाने किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की ती पातळी चढते. आयब्युप्रोफेननेही चढते. म्हणून अंगदुखीची गोळी मागितलीत तर लिथियम चालू असल्याचं फार्मसीत आधी सांगा.

घरात कोणी मरणाची भाषा करत असेल तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशक आणि गोळ्यांचे साठे नजरेआड करा, १०८ ला फोन करा किंवा थेट गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत न्या. बोलायला कोणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि फोन मोफत आहे.

पहिल्या भेटीला घरचं एक माणूस सोबत न्या, कारण पेशंटला स्वतःतला बदल नेहमी दिसतोच असं नाही. आधीची कागदपत्रं घ्या. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या न्या. नाव आणि मिलिग्रॅम वाचता आलं की डॉक्टरचं काम भागतं.