वाऱ्यात व्हाइटिंग गरवायची कशी? तरंगत्या ल्युअरची पद्धत

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर ईशान्येचा वारा सुटतो आणि खाडीवरचे बरेच गरवणारे सामान आवरायला घेतात. सँड व्हाइटिंग हवी असेल तर तुम्ही थांबा. ही आपल्या कोकणातल्या मुडदुशीची सख्खी चुलत बहीण, दोघीही सिलागो प्रजातीतल्या. गुडघाभर नितळ पाण्यात ती भलती बुजरी असते. सावली हलली की पसार. पण वाऱ्याने पाणी खळबळलं की तिला वरचं धड दिसत नाही, दोरीही लपते. एरवी ल्युअरच्या (नकली आमिषाच्या) मागे येऊन माघारी फिरणारी मासळी मग बेधडक तोंड घालते.

आधी जागा हेरा. सपाट वाळू, पाणी गुडघा ते कंबर, तळाशी याबीची बिळं. (याबी म्हणजे वाळूत राहणारा कोळंबीसारखा जीव, व्हाइटिंगचा आवडता घास.) क्वीन्सलँडमधली नूसा आणि मरूची नदी, न्यू साउथ वेल्समधलं ट्यूरॉस लेक इथे अशा जागा आहेत. हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. भरती चढताना जा. नुकत्याच बुडालेल्या वाळूवर ती चरायला येते.

सामान हलकं घ्या. ७ फुटी रॉड, लहान स्पिनिंग रील, ४ ते ६ पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे दीडेक मीटर लीडर, म्हणजे ल्युअर बांधायचा दोरीचा वेगळा तुकडा. लीडर साधा नायलॉनचा बरा. फ्लुओरोकार्बन बुडतो आणि तरंगत्या ल्युअरचं नाक खाली ओढतो. ल्युअर ५ ते ७ सेंटीमीटरची. शांत पाण्यात बासडे कंपनीच्या शुगापेनसारखी पेन्सिल (निमुळती ल्युअर) छान चालते, पण वारा वाढला की मी खोलगट तोंडाचा पॉपर बांधतो. तो पाणी धरून राहतो आणि लाटांतही त्याचा फवारा दिसतो. मूळचे जाड गळ काढून बारीक, धारदार गळ लावा. व्हाइटिंगचं तोंड अगदी लहान असतं.

आता खरं काम. वारा पाठीशी घेऊन उभे राहा आणि फेक खालून, सपाट मारा. उंच फेकलेली दोरी वारा पतंगासारखी पळवतो. ल्युअर पाण्याला टेकण्याआधी स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळलेल्या चकतीवर) बोट टेकवून सुटणारी दोरी आवरा, बेल (रीलवरची तारेची कडी) हाताने बंद करा, रॉडचं टोक पाण्यालगत खाली न्या आणि लगेच गुंडाळायला लागा. मधे ढील राहिली तर दोरीला पोट सुटतं, ल्युअर आडवी ओढली जाते आणि मासळीचा धक्का हाताला कळतच नाही. आडव्या वाऱ्यात हे हमखास होतं, म्हणून फेक बदलण्यापेक्षा उभं राहायची जागा बदला.

गुंडाळताना टोकाला बारीक झटके देत राहा, पण थांबू नका. जीव घेऊन पळणारी कोळंबी मधेच थबकत नाही. ल्युअर थबकली की व्हाइटिंगचा रस तिथेच संपतो. ब्रीम मासळीचं उलट, ती थबकलेली ल्युअर उचलते. तेव्हा ब्रीमची सवय घरी ठेवून या. ल्युअर लाटांवरून उडत असेल तर वेग थोडा कमी करा, बस्स.

मागे पाणी फुटलं, टकटक लागली, तरी झटका मारू नका. ती तीन-चारदा धडका मारते. गुंडाळत राहा, रॉड वाकून वजन लागलं की मगच हळू उचला. ड्रॅग (मासळीने ओढल्यावर दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) सैल ठेवा, नाहीतर गळ सुटतो.

सगळीकडे पांढरा फेस दिसायला लागला किंवा प्रत्येक फेकीला शेवाळ अडकायला लागलं, तर आडोशाची बाजू शोधा. पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चला. तिथे पाकट गाडून बसलेली असते आणि तिचा काटा जबर असतो.

न्यू साउथ वेल्समध्ये किमान लांबी २७ सेंटीमीटर, माणशी मर्यादा २०, आणि मासेमारी शुल्काची पावती जवळ लागते. क्वीन्सलँडमध्ये किमान २३ सेंटीमीटर. नियम बदलतात, निघण्याआधी पाहून घ्या. मोजपट्टी खिशातच ठेवा आणि लहान निघाली तर ओल्या हातानेच सोडा.