पावसाळ्यात कॉमिकचा नवा अंक सांभाळताना

नवा अंक आला की शेवटच्या पानावर वाद घालत तो मित्रांत हातोहात फिरतो. फिरू द्या, त्यासाठीच तो असतो! फक्त हात कोरडे हवेत, आणि अंक उताणा उघडून ठेवू नका. पिनांपाशी कागद फाटतो. कोकणच्या दमट हवेत त्याच पिना गंजतात, तो तांबूस डाग मग निघत नाही.

पिशवीत घालण्याआधी अंक दिवसभर पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, शाई उडते. ओलसर अंक बंद केला तर बुरशी ठरलेलीच. पिशवी पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. खोक्याच्या साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल पानं पिवळी करतं. घट्ट झाकणाच्या डब्यात अंक उभे ठेवा, सोबत ओल शोषणाऱ्या नारंगी सिलिका जेलचे दाणे. ओल शोषून दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरा.