डोळ्यातल्या व्हायरसवरची औषधं: या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडं डोळा लाल झाला की आधी हात जातो तो फ्रीजच्या दारातल्या अर्धवट बाटलीकडं. सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

प्रकार नेहमीचा आहे. आजींचं मिरजेत मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, महिनाभराचे ड्रॉप मिळतात, थोडे उरतात. पुढं ऊसतोडीच्या दिवसांत घरात कुणाचा तरी एकच डोळा लाल होतो, पाणी गळतं, उजेड सोसत नाही. ‘पाचट लागलं असंल’ म्हणून तेच ड्रॉप सुरू होतात. दोन दिवसांत लाली उतरते आणि माणूस परत फडात जातो. त्या बाटलीत बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड असतं. ते लाली उतरवतं शरीराचा प्रतिकार दाबून. व्हायरसला काहीच करत नाही. आत हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा व्हायरस असेल तर बुबुळावरची फांदीच्या आकाराची बारीक जखम मोकळेपणी रुंदावत जाते. धूसर दिसायला लागल्यावर दवाखाना आठवतो, आणि तोवर जखम भरली तरी मागं फूल, म्हणजे पांढरा डाग, राहण्याची भीती असते. खरंच पाचट लागलं असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तिथंही स्टिरॉइड घातकच.

म्हणून ऑपरेशननंतरचा कोर्स संपला की उरलेली बाटली त्याच दिवशी टाका. मेडिकलमधून ड्रॉप घेताना घटकांची ओळ वाचा, कारण अँटिबायोटिकला डेक्सामेथासोन जोडलेले ड्रॉप सर्रास मिळतात. बुबुळाच्या आतल्या थराला सूज असेल तर डॉक्टर स्वतः अँटिव्हायरलच्या, म्हणजे व्हायरसवरच्या औषधाच्या, जोडीनं स्टिरॉइड देतात. तसं लिहून दिलं असेल तर ते मनानं बंदही करू नका. ते टप्प्याटप्प्यानं कमी करायचं असतं.

दुसरी चूक ट्यूबची. असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं अँटिव्हायरल. त्याचं डोळ्याचं मलम ३ टक्क्यांचं असतं, नागिणीवर लावायचं त्वचेचं क्रीम ५ टक्क्यांचं. नाव तेच, म्हणून घरातलं क्रीम डोळ्यात घातलं जातं. क्रीममधले इतर घटक डोळ्याला झोंबतात आणि जखमेवर आणखी इजा करतात. ट्यूबवर ‘डोळ्यांसाठी’ असं छापलेलं नसेल तर ती डोळ्याजवळ नेऊ नका.

वेळा मोडणं ही तिसरी. मलम साधारण दिवसातून ५ वेळा असतं: सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११. मोबाइलला गजर लावा. सकाळची चुकली म्हणून रात्री दोनदा घालून हिशोब पुरा होत नाही. खालची पापणी ओढून आतल्या खोबणीत साधारण १ सेंटिमीटर मलम सोडा, डोळा हलकेच मिटा. थोडा वेळ अंधूक दिसतं, तेव्हा लगेच गाडी चालवू नका. त्याऐवजी गॅन्सिक्लोव्हिर या दुसऱ्या अँटिव्हायरलचं ०.१५ टक्के जेल दिलं असेल तर जखम भरेपर्यंत ५ वेळा एकेक थेंब, मग आठवडाभर ३ वेळा.

खुपायचं थांबलं म्हणून औषध सोडणारे उतावीळ लोक फार. हर्पिसमध्ये बुबुळाची संवेदनाच कमी होते, त्यामुळं दुखत नाही म्हणजे जखम भरली असं नाही. फ्लुरोसिनचा रंग घालून निळ्या उजेडात बघितल्यावरच ते कळतं. असायक्लोव्हिर तर जखम भरल्यावरही निदान ३ दिवस चालू ठेवायचं असतं. उलट जास्त वेळा, जास्त दिवस घातलं तर बुबुळाचा पृष्ठभाग खरबरीत होतो.

साथीत दोन्ही डोळे येतात त्याला बहुतेकदा अॅडिनोव्हायरस कारण असतो. त्यावर असायक्लोव्हिर चालत नाही; शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ते आणू नका. बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका. दोन औषधांत ५ ते १० मिनिटं जाऊ द्या, आधी ड्रॉप, मग मलम. कॉन्टॅक्ट लेन्स लावणं बंद. गुलाबपाणी, मध, तुळशीचा रस, काहीही नको. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा. साधारण ४ आठवड्यांनी ती टाकायची.

औषध चालू असताना दुखणं वाढलं, नजर कमी झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडं जा, आणि वापरलेल्या सगळ्या बाटल्या-ट्यूब बरोबर न्या.