जिल्हा दैनिकाचं व्यवस्थापन शिकायचं असेल तर रात्री अडीचला गेटवर या

पहिला महिना ऑफिसात बसू नका. जिल्हा दैनिकात व्यवस्थापक म्हणून रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. केबिन, टेबल, फोन कुठे जात नाहीत. तुम्ही पेपरच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसा आणि एकेक लाइन, म्हणजे गाडीचा ठरलेला मार्ग, शेवटच्या गावापर्यंत जाऊन या.

1988 साली मी सोलापुरात एका दैनिकाच्या वितरण विभागात कारकून म्हणून लागलो. 33 वर्षांनी त्याच इमारतीतून महाव्यवस्थापक म्हणून बाहेर पडलो. या धंद्यातलं मला जे काही कळलं, त्यातलं बहुतेक पहाटे तीन ते सहा या वेळात कळलं. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात असाल तर गावांची नावं बदला, काम तेच आहे.

सोलापूर जिल्ह्यात 11 तालुके. एक गाडी अक्कलकोटला, एक बार्शीला, एक मंगळवेढा-पंढरपूर-सांगोल्याकडे, एक मोहोळ-माढ्यावरून करमाळ्याला. करमाळा सगळ्यांत लांब, म्हणून तिकडच्या आवृत्तीची पानं सगळ्यांत आधी छपाईला सुटली पाहिजेत आणि शहराची सगळ्यांत शेवटी. हे कुणालाही समजतं. समजत नाही ते पुढचं. मशिनवर 20 मिनिटं उशीर झाला तर गावात पोहोचेपर्यंत तो 20 मिनिटांचा राहत नाही. गावात पेपर वाटणाऱ्या एजंटाकडची मुलं लाइन टाकून, म्हणजे घरोघरी पेपर टाकून, शाळा-कॉलेजला जाणारी असतात. तुमचा गठ्ठा आला नाही तर ती दुसरे पेपर घेऊन निघतात आणि त्याच गल्लीत परत फेरी मारायला कुणी तयार नसतं. तुमचा अंक मग दुपारी दहा ठिकाणी पडतो, उरलेला परत येतो. असं आठवड्यातून दोनदा झालं की वाचक स्वतःच एजंटाला म्हणतो, "पुढच्या महिन्यापासून दुसरा टाका."

म्हणून पहिलं काम म्हणजे एक रजिस्टर. त्यात रोज चार वेळा लिहायच्या: शेवटचं पान कधी सुटलं, मशिन कधी चालू झालं, गाडी गेटबाहेर कधी पडली, शेवटच्या एजंटाच्या हातात गठ्ठा कधी पडला. चौथी वेळ ड्रायव्हरनं सांगितलेली लिहू नका, एजंटाला फोन करून विचारा. पंधरा दिवसांत उशीर नेमका कुठे होतो ते दिसेल. आमच्याकडे सगळे संपादकीय विभागाला दोष द्यायचे, पण उशीर निघाला पुरवणी घालण्याच्या जागी. रविवारची पुरवणी मुख्य अंकात हातानं घालायला माणसं कमी होती. चार माणसं वाढवली आणि करमाळ्याची तक्रार थांबली.

संपादकांशी बोलून एक गोष्ट लेखी ठरवून घ्या. ठरलेल्या वेळेनंतर फक्त पहिलं पान थांबेल, आतली पानं कुणासाठीही थांबणार नाहीत. निवडणूक निकालाच्या रात्रीसाठी वेगळा नियम करा आणि तो एजंटांना आदल्या दिवशी कळवा. उशीर होणार हे माहीत असलेला एजंट मुलांना थांबवून धरतो.

आता एजंटाबद्दल. हा माणूस तुमचा नोकर नाही. त्यानं तुमच्याकडे अनामत भरलेली असते, तो कमिशनवर काम करतो आणि बहुतेक वेळा चार-पाच पेपर एकत्र चालवतो. पंढरपूरच्या एसटी स्टँडवर आमचे एक जुने एजंट होते. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. गठ्ठा आला, त्यांनी सुतळी दातांनी तोडली, अंकांच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, दोन कमी हायत." मी मोजले. दोन कमी होते. मग खिशातून वही काढून दाखवली. प्रत्येक घरापुढे खूण होती. या घरातले आजोबा गेले, आता कुणी वाचत नाही, पण सून बंद करा म्हणत नाही. हे मास्तर बदलून मंगळवेढ्याला गेले. या दुकानाची उधारी तीन महिन्यांची आहे, पण माणूस बुडवणारा नाही. जाहिरात विभागाच्या कुठल्याही सर्व्हेत मला एवढी माहिती कधी मिळाली नाही.

मी त्यांना विचारलं, "काका, आणखी 50 अंक वाढवू का?"

"वाढवा की. पण घेणार कोण ते आधी सांगा."

त्यांचं तेव्हा ऐकायला हवं होतं. 1997 मध्ये मी वितरण व्यवस्थापक झालो आणि वरून खपाचा आकडा वाढवण्याचं उद्दिष्ट आलं. कूपन चिकटवा, बक्षीस मिळवा अशी योजना काढली. जिल्हाभर प्रिंट ऑर्डर, म्हणजे रोज छापायच्या अंकांची संख्या, वाढवली. आकडा वाढला, कौतुक झालं. वर्षभरानं मी एका तालुक्याच्या गावी एजंटाच्या घरी चहाला थांबलो. जिन्याखाली हात धुवायला गेलो तर तिथे आमच्या पेपरचे गठ्ठे रचलेले होते. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. योजना संपल्यावर अंक कुणी घेतले नव्हते, आणि अंक कमी करा म्हटलं तर एजन्सी जाईल या भीतीनं तो माणूस घरच्या दुधाच्या पैशातून आमचं बिल भरत होता. त्याच्या बायकोनं मला काही न बोलता टॉवेल दिला. मी ऑफिसात येऊन त्याचे 300 अंक कमी केले, पण आधीच्या महिन्यांचे पैसे परत मिळवून द्यायला मला आठ महिने भांडावं लागलं. त्यातलेही पूर्ण मिळाले नाहीत.

तेव्हापासून मी खरा आकडा वेगळा काढायला लागलो. तुम्हीही काढा. रात्रीच्या प्रिंट ऑर्डरमधून मशिनवरची खराबी वजा करा. ऑफिसचे, भेटीचे आणि जाहिरातदारांना पुरावा म्हणून जाणारे अंक वजा करा. परत आलेले वजा करा. मग ज्या अंकांचं बिल 90 दिवसांत वसूल झालेलं नाही ते वजा करा. हा शेवटचा वजाबाकीचा हात कुणाला आवडत नाही, पण तो केल्याशिवाय राहिलेला आकडा तुमचा नाही. ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था 1948 पासून आहे आणि जानेवारी ते जून, जुलै ते डिसेंबर अशा सहा-सहा महिन्यांचे खपाचे आकडे प्रमाणित करते. तुमचं दैनिक तिचं सभासद असो वा नसो, हिशेब मात्र असा ठेवा की उद्या तपासनीस दारात आला तरी वही बदलावी लागू नये.

फुगवलेल्या आकड्याची किंमत रुपयांत सांगण्याआधी मालकांना किलोत सांगा, लवकर पटते. 45 जीएसएमचा कागद म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 45 ग्रॅम. मोठ्या आकाराच्या 12 पानी अंकाला साधारण 1.08 चौरस मीटर कागद लागतो. म्हणजे एका अंकाचं वजन सुमारे 49 ग्रॅम. रोज 2,000 अंक जादा छापले तर दिवसाला 98 किलो, महिन्याला जवळपास 3 टन कागद रद्दीच्या भावानं गेला. हे गणित मी एकदा बैठकीत फळ्यावर लिहिलं आणि त्याच महिन्यात आमची प्रिंट ऑर्डर कमी झाली. कागदाचा भाव तुमच्या हातात नसतो. जुलै 2019च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर 10 टक्के सीमाशुल्क आलं, फेब्रुवारी 2020 मध्ये ते 5 टक्के झालं. किती छापायचं हे मात्र रोज रात्री तुमच्याच हातात असतं.

जादा अंक कधी छापायचे याचं कॅलेंडर मात्र करा. आमच्याकडे जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी शहरात अंक हमखास कमी पडतात, कारण काठी धरणाऱ्याच्या घरी चार-चार अंक जातात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो. पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, पण रथाचा फोटो असलेला मराठी पेपर जपून ठेवतात. आषाढीला पंढरपुरात वारकरी दिंडीचा फोटो असलेला अंक पिशवीत घालून गावी नेतात. त्या दिवसांत गाडी गावात जाऊ शकत नाही. आदल्या दिवशीच पोलिसांना विचारून गठ्ठे कुठे उतरवायचे ते ठरवा आणि तिथून सायकलवर न्यायला मुलं उभी करा. दहावी-बारावीचे नंबर पेपरात छापून यायचे तेव्हा त्या दिवशी मशिन दुपारपर्यंत चालायचं. तो दिवस आता राहिला नाही. त्यामुळे जुन्या वहीतले जादा अंक डोळे झाकून उतरवू नका.

वसुलीचं फार लांबवत नाही. बिल पाच तारखेच्या आत एजंटाच्या हातात पडू द्या. थकबाकी झाली तर पत्र पाठवू नका, स्वतः जा. ग्रामीण एजंटाचा पैसा उसाच्या बिलावर अवलंबून असतो, हे धरून त्याचे हप्ते पाडा.

जाहिरातीत मोठ्या कंपन्यांच्या मागे नवीन माणूस आधी धावतो. जिल्हा दैनिक उभं राहतं ते लहान जाहिरातींवर: जाहीर नोटीस, निधन, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन. निधनाची जाहिरात रात्री अकराला आली तरी घ्या आणि मजकूर फोनवर पुन्हा वाचून दाखवा. मृताच्या नावातली एक वेलांटी चुकली तर ते कुटुंब तुम्हाला पिढीभर विसरत नाही. मी दुसऱ्या दिवशी चुकीची दुरुस्ती घेऊन एका घरी गेलो आहे. आई गेलेला मुलगा अंक हातात धरून बसला होता. पैसे परत देऊन ती गोष्ट मिटली नाही. तेव्हापासून निधनाचं प्रूफ दोन माणसांनी वाचायचं असा नियम केला, तो शेवटपर्यंत पाळला. सरकारी जाहिरातींचं बिल उशिरा येतं. ते येणे रकमेत धरा, पण पगार त्यावर अवलंबून ठेवू नका.

जाहिरात आणि बातमी यांच्यातली रेघ संपादकाइतकीच व्यवस्थापकाच्या हातात असते. 2009च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, विषय देशभर गाजला, 2010 मध्ये प्रेस कौन्सिलनं त्यावर अहवाल दिला. त्या काळात पॅकेज मागायला येणारा उमेदवार संपादकाकडे जातच नव्हता, माझ्या केबिनमध्ये यायचा. 'बातमीचं पॅकेज' हा शब्द ऐकला की दरपत्रक पुढे करा आणि चौकटीवर 'जाहिरात' हा शब्द येईल असं तोंडावर सांगा. काही जण उठून जातात. जाऊ द्या. निवडणुकीनंतर पाच वर्षं त्याच गावात तुमचा पेपर विकायचा आहे.

कायद्याचं एक काम स्वतःच्या डोळ्यांनी तपासा: शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईच्या जागेची ओळ. छापखाना हलला, संपादक बदलले आणि ती ओळ जुनीच राहिली, असं अनेक ठिकाणी होतं. आमच्याकडे एकदा अकरा दिवस राहिली होती. पूर्वी 1867च्या कायद्याखाली घोषणापत्र घेऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागे. 2023चा नवा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला आणि अर्ज ऑनलाइन झाले.

6 जानेवारीला पत्रकार दिन असतो. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये त्या दिवशी 'दर्पण' काढलं. तुमच्या कार्यालयात त्या दिवशी हार-तुरे होतीलच. तुम्ही डायरीत 15 ऑक्टोबर लिहून ठेवा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लहानपणी रामेश्वरमला पेपर वाटले होते, म्हणून त्यांच्या जन्मदिनी आपल्याकडे वृत्तपत्र विक्रेता दिन पाळतात. त्या दिवशी एजंटांना हॉलवर बोलवू नका, पहाटे तुम्ही त्यांच्या डेपोवर जा. लाइन टाकणाऱ्या मुलांची नावं पाठ करून जा. रेनकोट द्यायचे असतील तर ऑक्टोबरात नाही, मे महिन्यात द्या.

2020च्या एप्रिलमध्ये घरपोच वाटपावर बंदी आली तेव्हा आमच्या यादीतले कितीतरी एजंट घरी बसून होते. त्या दिवसांत मी रोज दहा जणांना फोन करायचो. बिलाचा विषय काढायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. वाटप पुन्हा सुरू झालं तेव्हा पंढरपूरच्या त्या काकांचा मुलगा गठ्ठा घ्यायला आला होता, वडिलांची वही घेऊन. त्यानं त्यातली 40 घरं स्वतः खोडली होती आणि तेवढेच अंक कमी मागितले. मी त्याच रात्री कमी केले.

तर अडीच वाजता गेटवर या. पहिल्या रात्री करमाळ्याच्या गाडीत बसा, ती सगळ्यांत आधी सुटते. वही आणि पेन बरोबर ठेवा, आणि थंडीचे दिवस असतील तर कानटोपी घ्या. मोहोळ सोडलं की गाडीत वारा लागतो.