कोंकणीच्या जागी कोरियन: डेटाबेसमधून भाषांतरं आणताना या चुका टाळा

गोव्यासाठी वेबसाइट करायची तर इंग्रजी, मराठी आणि कोंकणी धरूनच चालावं लागतं. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा आहे, सरकारी कामात मराठीही चालते, आणि रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी वाचणारेही पुष्कळ आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक टेबल बनवतानाच होते: भाषेच्या कोडसाठी दोन अक्षरांचा कॉलम. मराठीचा कोड 'एम-आर', पण कोंकणीला दोन अक्षरी कोडच नाही, तिचा 'के-ओ-के'. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारणारी सेटिंग) बंद असला तर तिसरं अक्षर कापलं जातं आणि उरतो 'के-ओ', म्हणजे कोरियन. पडद्यावर देवनागरी नीट दिसते, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. पण हाच कोड पानाची भाषा सांगणाऱ्या लँग अॅट्रिब्यूटमध्ये जातो आणि स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कोंकणी मजकुरासाठी कोरियन आवाज निवडू शकतो. दृष्टिहीन माणसाला मग त्या पानाचा काहीच उपयोग नाही. कॉलम ३५ अक्षरांपर्यंतचा व्हारकॅर (कमीजास्त लांबीचा मजकूर घेणारा प्रकार) ठेवा, म्हणजे लिपीचा कोड जोडलेली रोमीही त्यात मावते.

इंग्रजी मजकूर हीच की (भाषांतर शोधायचं नाव) ठरवू नका. होमस्टेच्या साइटवर 'बुक' या बटणाचं 'पुस्तक' होतं ते यामुळेच. कीमध्ये जागा आणि काम दोन्ही यायला हवं: 'खोली.आरक्षण.बटण'. वाक्यं तुकड्यांतून जोडू नका. 'खोली मिळाली', 'टेबल मिळालं': क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून अख्खं वाक्य एका ओळीत साठवा.

बटण कोरं दिसतंय? भाषांतर अजून झालेलं नाही, पण ओळ रिकाम्या स्ट्रिंगसह तयार आहे, असं बहुतेक वेळा निघतं. कोअलेस हे एसक्यूएल फंक्शन फक्त नल (मूल्यच नसणं) ओलांडतं, रिकामी स्ट्रिंग त्याला चालते. आधी नलइफ लावून रिकाम्याचं नल करा, मग पर्यायी भाषेकडे जा.

पान रेंगाळत असेल तर क्वेरी लॉग (डेटाबेसला केलेल्या विचारणांची नोंद) उघडा. ८० लेबलांसाठी ८० क्वेरी दिसतील. एका भाषेचा पूर्ण संच एकाच क्वेरीत आणा आणि कॅशमध्ये (पटकन मिळणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवा. कॅशच्या कीमध्ये भाषा आणि आवृत्ती क्रमांक दोन्ही हवेत. भाषा विसरलात तर मराठी वाचकाला आधीच्या माणसाची कोंकणी दिसेल. मजकूर सेव्ह झाला की आवृत्ती एकाने वाढवा, आणि हा क्रमांक सगळ्या सर्व्हरना एकाच ठिकाणाहून मिळू द्या. नाहीतर एकदा रिफ्रेश केलं की नवा मजकूर, पुन्हा केलं की जुना.

अक्षरांऐवजी ???? आली तर डेटाबेस कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट (अक्षरांची संकेतपद्धत) तपासा, तो यूटीएफ८एमबी४ हवा. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं गेली, मजकूर पुन्हा भरावा लागतो.

अॅडमिनच्या शोधात 'किनाऱ्यावर' सापडत नाही, ही खास आपली अडचण. त्यातला 'ऱ्य' तीन प्रकारे टाइप होतो: तयार 'ऱ' वापरून, 'र'ला नुक्ता (खालचा टिंब) देऊन, किंवा 'र' आणि हलन्तापुढे झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) टाकून. दिसायला तिन्ही सारखे, बाइट्स वेगळे. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगळ्या युनिकोड रूपांचं एक रूप करणं) करा. त्याने पहिले दोन एक होतात. जॉइनरच्या रूपाचा 'ऱ्' करणारा नियम मात्र हाताने लिहावा लागतो.