एच अँड ई स्टेनिंग: इओसिनआधी स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघाच

एच अँड ई स्टेनिंग म्हणजे टिश्यूच्या पातळ कापावर पेशींची केंद्रकं हिमॅटॉक्झिलीनने निळी आणि बाकीचा भाग इओसिनने गुलाबी रंगवणं. रंग बिघडला की संशय आधी हिमॅटॉक्झिलीनवर जातो, पण दोष बरेचदा टिश्यू टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या डब्यातच असतो. 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन टिश्यूच्या निदान 10 पट घ्या आणि तुकडा 3-4 मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नका. फॉर्मलिन आत सावकाश शिरतं. जाड तुकडा मध्ये कच्चा राहतो आणि तिथली केंद्रकं पुढे धूसरच दिसतात. बफर नसलेलं फॉर्मलिन आम्लधर्मी होऊन रक्ताळ भागात तपकिरी-काळे कण सोडतं.

मेणात बसवलेल्या टिश्यूचे सेक्शन (पातळ काप) 3 ते 5 मायक्रॉनचे कापा. स्लाइड 60 अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास वाळवली नाही, तर सेक्शन जारमध्येच सुटून तरंगतो. मग मेण काढायला झायलीन दोनदा, 5-5 मिनिटं. पांढरे ठिपके दिसले तर मेण उरलंय, परत झायलीनमध्ये. पुढे अॅब्सोल्यूट (निर्जल), 95 आणि 70 टक्के अल्कोहोल, शेवटी पाणी.

हॅरिस हिमॅटॉक्झिलीन रोज गाळून घ्या, नाहीतर वरची चकचकीत साय सेक्शनवर चिकटते. 5 ते 8 मिनिटांनी धुवा आणि जास्तीचा रंग काढायला आम्ल-अल्कोहोलमध्ये (70 टक्के अल्कोहोलमध्ये 1 टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल) दोन-तीनदा बुडवून लगेच पाण्यात. सगळ्यात जास्त स्लाइड इथेच हातच्या जातात, कारण एखाद-दोन सेकंदांनीही फरक पडतो.

आता ब्ल्यूइंग, म्हणजे केंद्रकांचा लालसर रंग निळा करणं. वाहत्या नळाखाली 5-10 मिनिटं, किंवा स्कॉटच्या द्रावणात (लिटरभर पाण्यात 3.5 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, 20 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट) एक-दोन मिनिटं. केंद्रकं लालसर-जांभळी राहिली तर ब्ल्यूइंग अपुरं आहे.

इथे थांबून स्लाइड ओलीच मायक्रोस्कोपखाली बघा. केंद्रकाची कड रेखीव, आतलं क्रोमॅटिन (डीएनए असलेला भाग) सुटं आणि आजूबाजूचा भाग जवळपास रंगहीन हवा. निळसर धुकं असेल तर आम्ल-अल्कोहोलची एक बुडी देऊन पुन्हा ब्ल्यूइंग. फिकं असेल तर परत हिमॅटॉक्झिलीन. इओसिन चढल्यावर ही दुरुस्ती फार किचकट होते.

ब्ल्यूइंगनंतर नीट धुवा. अल्कली उरली तर इओसिन धरत नाही. 1 टक्का इओसिन एक-दोन मिनिटं. तांबड्या पेशी, स्नायू आणि कोलॅजन वेगवेगळ्या गुलाबी छटांत दिसले पाहिजेत. 70 टक्के अल्कोहोलमध्ये रेंगाळू नका, तिथे इओसिन उतरतं. अॅब्सोल्यूट दोन-तीनदा, मग झायलीन. झायलीन दुधाळ झालं तर पाणी उरलंय. पावसाळ्यात उघड्या जारमधलं अॅब्सोल्यूट हवेतला ओलावा ओढतं, म्हणून झाकणं घट्ट ठेवा आणि ते वरचेवर बदला. स्लाइड वाळायच्या आत डीपीएक्स (काच चिकटवणारं माध्यम) टाकून कव्हरस्लिप तिरकी टेकवत सोडा. वाळली की हवा अडकून केंद्रकांवर तपकिरी-काळे डाग दिसतात. तसं झालं तर कव्हरस्लिप झायलीनमध्ये सोडवा, स्लाइड पाण्यापर्यंत परत न्या आणि तिथून पुन्हा वर आणून माउंट करा.